झालेल्या आठवड्याला हात लावायचा नाही

विलास,

परवा तुझ्या फोटोसमोर सगळ्यांनी फुलं ठेवली, मी ठेवली नाहीत. मी नुसता उभा राहिलो आणि तुझ्याकडे रागाने बघितलं. फोटोही असा निवडलाय की तू हसतोयस. कुणाच्या तरी लग्नातला असणार, कारण केस विंचरलेले आहेत. समोरचा भांडायला उभा राहिला की हसत बसायचं, ही तुझी खोड जुनीच. पण जिवंत होतास तेव्हा मध्येच पापणी तरी हलवायचास. परवा तेवढंही नाही.

लोकांना वाटलं, जिवलग गेला म्हणून भोंग्या गप्प झाला. भोंग्या हे नाव तूच ठेवलंस. वाशीपासून उरणपर्यंत ऑर्केस्ट्रा, हळद, सोसायटीचा वर्धापनदिन, जिथे माईक दिसेल तिथे निवेदन करत सुटलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? पण मी गप्प नव्हतो रे. मनातल्या मनात तुला शिव्या घालत होतो. आणि साध्यासुध्या नाहीत, ठेवणीतल्या.

तू गेलास म्हणून नाही. म्हणजे त्याचाही राग आहेच. बुधवारी दुपारी भरल्या ताटावर फोन यावा आणि कुणीतरी अनोळखी आवाजात "तुम्ही साहेबांचे मित्र ना?" असं विचारावं, हा काय प्रकार झाला? पण त्या रागाचं मी पुढे बघेन. आज विषय रजिस्टरचा आहे.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी ऋतुजा ते घेऊन माझ्याकडे आली. जाड, लाल पुठ्ठ्याचं, कडेला कापडी पट्टी. मला वाटलं तुझ्या कंटेनर यार्डातलं काही कामाचं असेल. उघडलं तर पहिल्याच पानावर तुझं ते शाळामास्तरी अक्षर. आठवड्याची दहा गाणी. आणि वर लाल शाईत नियम. एक, त्या आठवड्यात स्वतःच्या कानाने ऐकलेलं गाणंच यादीत येईल. दोन, दहा म्हणजे दहा, अकरावं कितीही रडलं तरी बाहेर. तीन, झालेल्या आठवड्याला हात लावायचा नाही.

"बाबांनी सगळ्या जुन्या वह्यांची नक्कल केली, काका," तुझी लेक म्हणाली. "दोन वर्षं करत होते. रोज सकाळी चहा घेऊन बसायचे. मला वाटायचं ऑफिसचं काम आणतात घरी."

"आणि जुन्या वह्या?"

"त्या दिल्या ना रद्दीत. म्हणाले, नक्कल झाली, आता धूळ कशाला."

मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. लोकलची जुनी तिकिटं चपटी करून पाकिटात ठेवणारा माणूस तू. तू वह्या रद्दीत दिल्यास?

त्या वह्या काय होत्या हे ऋतुजाला मी सांगायला लागलो आणि सांगताना मलाच मजा येत गेली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून दर रविवारी सकाळी मी कोपरखैरण्याहून सायकल मारत घणसोली गावात तुमच्या खोलीवर यायचो. तू आठवडाभर ऐकलेल्या गाण्यांची यादी करून ठेवलेली असायची. पण ती वाचायचा हक्क माझा. तू पलंगाच्या काठावर, तुझी आई चुलीशी, तुझे वडील, म्हणजे अण्णा, दारात विडी ओढत, आणि मी मधोमध उभा राहून हातात पावडरचा डबा माईकसारखा धरून, "दहाव्या क्रमांकावर! गेल्या आठवड्यात सातव्या पायरीवर मिजाशीत बसलेलं हे गाणं आज धाडकन खाली आलंय हो!" अण्णा ढोलकीवर थाप मारायचे. गाणं वर गेलं तर एक, खाली आलं तर दोन. यादीतून गेलं तर तू उभा राहून त्याला निरोपाचं एक वाक्य बोलायचास. "तू आम्हाला चार आठवडे नाचवलंस, आता जाऊन झोप."

निवेदक व्हायचं मी कुठे शिकलो असं लोक विचारतात तेव्हा मी मोठमोठी नावं घेतो. खरं म्हणजे दहा बाय बाराच्या त्या खोलीत शिकलो. प्रेक्षक तीन.

आणि त्या यादीत काय काय नव्हतं! गावातल्या हळदीला वाजणाऱ्या बेंजो पार्टीच्या धुना. कोळ्यांची गाणी, ज्यांचे अर्धे शब्द आपल्याला कळायचे नाहीत आणि उरलेले आपण चुकीचे म्हणायचो. बसस्टॉपवरच्या पानवाल्याकडची रडकी हिंदी गाणी. पुढे तुला गझलचा आजार झाला, कारण वहिनींना गझल आवडते असं तुला कुणीतरी सांगितलं होतं. वहिनींना गझल अजिबात आवडत नव्हती हे लग्नानंतर कळलं आणि दोन आठवड्यांत दहाच्या दहा गझला बाहेर! ऋतुजा झाली तेव्हा तिच्या पाळण्यावरच्या किल्लीच्या खेळण्याची टिंगटिंग पाच आठवडे पहिल्या नंबरावर. मी म्हटलं, "अरे, याला गायक नाही, कवी नाही." तू म्हणालास, "कानाने ऐकलंय ना? दिवसातून शंभरदा ऐकलंय." नियम म्हणजे नियम. मग बासरी आली. मग नुसतं सतारीचं संथ, बिनशब्दांचं काहीतरी, ज्याला मी झोपेचं औषध म्हणायचो आणि तू "मोठा हो जरा" म्हणायचास. माणूस बदलतो तसा कान बदलतो, मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी म्हणायचो, विलास जन्मभर स्वतःचा जबाब देतोय, दर आठवड्याला, सहीशिक्का मारून.

आणि तू त्या जबाबात खाडाखोड केलीस.

ऋतुजा गेल्यावर मी रजिस्टर वाचायला बसलो. यादीच्या पहिल्याच वर्षात चौथ्या क्रमांकावर एक गझल. मी चष्मा पुसला. तीच होती. अरे विद्वाना, ती गझल तू पहिल्यांदा माझ्या घरी ऐकलीस, त्यानंतर सहा वर्षांनी! त्या कॅसेटवर मी चहा सांडला होता आणि तू अर्धा तास हेअर ड्रायरने ती वाळवत बसला होतास. कॉलेजात असताना तुमच्याकडे टेपच नव्हता. पुढच्या पानावर सतार. त्याच्या पुढच्या पानावर कुणा पंडिताचा सकाळचा राग. सकाळी तुमच्या खोलीत कसला राग वाजायचा मला ठाऊक आहे. बादल्यांचा.

बेंजो गायब. कोळीगीतं गायब. पानवाल्याचं रडणं गायब. ज्या रविवारी मी घसा फोडून पावडरच्या डब्यात काय ओरडलो हे मला आजही पाठ आहे, त्या रविवारी रजिस्टरप्रमाणे आपण दोघं अत्यंत अभिरुचीसंपन्न तरुण होतो आणि संथ सतार ऐकत होतो. वीस वर्षांचा विलास तू कापून काढलास आणि त्याच्या जागी पन्नाशीतला बसवलास. वर लाल शाईने लिहिलंस, झालेल्या आठवड्याला हात लावायचा नाही. हा निगरगट्टपणा मी निवडणुकीतही पाहिला नाही.

पण हेही मी सोडून दिलं असतं. तरुणपणीचे फोटो आपण सगळेच लपवतो, माझ्या बेलबॉटमचे मीही जाळलेत. मी पानं उलटत गेलो ते एका गाण्यासाठी. ते अकरा आठवडे पहिल्या नंबरावर होतं. इतके आठवडे दुसरं कुठलंच गाणं टिकलं नाही, ना त्याआधी ना नंतर. अकराच्या अकरा पानं मी बोट ठेवून पाहिली.

अण्णांचं नळाचं गाणं नव्हतं, विलास.

हे गाणं ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण हे पत्र तू वाचणार नाहीस हे मला कळतं, दुसरे वाचतील. अण्णा दिवसा हमाली करायचे आणि जयंतीला, लग्नाला, बारशाला आपल्या गायन पार्टीत ढोलकी घेऊन गायचे. महाडकडच्या गावातून आलेला माणूस. आपण दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा घणसोलीतल्या त्या खोलीत नळ आला. खोलीच्या आत, मोरीत, स्वतःचा. त्या आठवड्यात अण्णांनी गाणं रचलं.

नळ आला माझ्या घरी गं, पाणी आलं माझ्या घरी,
हंडा म्हणतो कळशीला, ये ना नाचू घडीभरी.

आणि कडव्याच्या शेवटी ते तोंडाने नळाचा आवाज काढायचे. आधी खोकला, मग नुसती हवा, मग थेंब, मग एकदम धो धो. माणसं हसून लोळायची. अण्णाही हसायचे. मी एकदा विचारलं, "अण्णा, नळावर कसलं गाणं?" तर ढोलकीची दोरी आवळत मान वर न करता म्हणाले, "गावाला आमी विहिरीच्या कडंला भांडं ठिवून बसायचो. वरून कुनी वतलं तर पानी. नाय वतलं तर बसायचं." आणि मग म्हणाले, "आता मी सोडतो, मी बंद करतो. हाय का नाय गान्याजोगं?"

हे मला माहीत होतं. हे लिहितोय ते याचसाठी. मला माहीत होतं.

आता त्या जेवणाकडे येतो. येऊ नये असं वाटतं, पण भोंगा सुरू झालाय.

सात वर्षांपूर्वी तू नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलास आणि ऑफिसच्या लोकांना जेवायला बोलावलंस. अण्णा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आई गावाला होती, ऋतुजा परीक्षेसाठी हॉस्टेलवर. हॉलमध्ये बारा-पंधरा माणसं, एसीची हवा, आणि कुणीतरी म्हणालं, "तुम्ही निवेदक ना? काहीतरी होऊन जाऊ दे." माझ्यासारख्याला एवढं पुरतं. मी चमचा उचलला, माईकसारखा धरला आणि म्हटलं, "सादर आहे, आपल्या साहेबांची कॉलेजातली टॉप टेन!" दहाव्यापासून सुरुवात केली. बेंजोला हशा. कोळीगीताला हशा. मी तरंगायला लागलो. हशा सुरू झाला की मला थांबता येत नाही, हे तुला माहीत होतं. आणि पहिल्या नंबरावर मी अण्णांचं गाणं केलं. अण्णांच्या आवाजात. अण्णांच्या बोलीत. 'पानी' म्हणताना तोंड वेडंवाकडं करून. नळाचा खोकला मी इतका लांबवला की एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं हसून.

तुझे एक साहेब म्हणाले, "अरे वा, नळावरसुद्धा गाणी करायचे का तुमचे वडील?"

आणि तू हसलास. सगळ्यात मोठ्याने तू हसलास.

मला वाटलं, जमलं! मी आणखी एकदा करून दाखवलं.

त्यानंतर रविवारी तू मला यादी वाचायला बोलावलं नाहीस. मोबाइलवर पाठवायला लागलास. "पाठवलीय, वाच." मी विचारलं, "निवेदन?" तू लिहिलंस, "वय झालं आता आपलं." मी मान्य केलं. तू उरणला, मी नावड्याला, दोघांच्या नोकऱ्या, गुडघे, ट्रॅफिक. सात वर्षं मी हेच कारण धरून बसलो. तू एकदाही म्हणाला नाहीस की भोंग्या, तू माझ्या बापाची टिंगल केलीस. एकदाही नाही! आपण दोघं तीस वर्षं कोथिंबीर ताजी की शिळी यावर भांडलो आहोत. आठव्या नंबरचं गाणं नवव्यावर का गेलं म्हणून तू माझ्याशी दहा दिवस अबोला धरलास. आणि हे तू गिळलंस? माझ्यावर ओरडायच्या ऐवजी तू सकाळी चहा घेऊन बसलास आणि सुवाच्य अक्षरात अण्णांना खोडलंस?

चूक माझी. पण शिक्षा अण्णांना का?

हे सगळं डोक्यात घेऊन मी परवा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहाराच्या हॉलमध्ये आलो. ऋतुजाने वहिनींना विचारून ठरवलं होतं की वंदना, भाषणं झाल्यावर मी रजिस्टरमधली एक यादी वाचायची. "तुम्ही नेहमी वाचायचात तशीच, काका. दहापासून एक. मी पान काढून ठेवलंय." आणि तिने काढलेलं पान नेमकं त्या अकरांतलं. ती म्हणाली, "बघा ना, आमच्यापेक्षा लहान असताना बाबा काय काय ऐकायचे! आमची पिढी म्हणजे काय हो." तिच्या चेहऱ्यावर एवढा अभिमान की माझी जीभ रेटेना.

पहिल्या रांगेत आई बसली होती. पांढरं लुगडं, हातात काठी, ऐंशी पार केलेली. तिचं लक्ष सगळं माझ्याकडे. खोलीतल्या त्या तीन प्रेक्षकांपैकी उरलेली एकटी.

आता मी काय करायचं होतं, सांग. रजिस्टर वाचलं तर तुझ्या आईसमोर तिचा नवरा मी दुसऱ्यांदा खोडणार. खरं सांगितलं तर ज्या मुलाला नुकतं पोचवून आली, त्याने बापाचं गाणं काढून टाकलं हे तिला भर सभेत कळणार. असल्या पेचात टाकून तू फोटोत हसत बसलास.

मी दहापासून सुरुवात केली. तुझी सतार वाचली. तुझी खोट्या तारखेची गझल वाचली. पूर्ण आवाजात, चढउतार देऊन, एक शब्द न चुकता. दोनपर्यंत आलो. मग रजिस्टर मिटलं.

"पहिल्या क्रमांकावर वहीत जे लिहिलंय ते चुकीचं आहे," मी म्हटलं. "चूक माझी. विलास नक्कल करत होता तेव्हा जुन्या वह्यांतली पुसट झालेली नावं मी त्याला फोनवर आठवून सांगायचो. हे गाणं माझ्याकडून गळलं. पहिल्या क्रमांकावर, सलग अकरा आठवडे, नळाचं गाणं. शब्द, चाल, ढोलकी आणि आवाज, अण्णांचा."

आईने शेजारणीला विचारलं, "कुनाचं म्हनला?"

शेजारणीने सांगितलं.

काठी आपटत ती उभी राहिली. "मेल्या! ह्यांचं गानं गाळलंस? एवडा माईक घिऊन फिरतोस गावभर, नि एक नंबर इसरलास? माज्या घरचा किती च्या पिलास तू! तोंडात काय माती भरली व्हती तुज्या?"

"आजी, बस ना," ऋतुजा तिचा पदर ओढत होती. मागे कुणीतरी हसू दाबत होतं. मी मान खाली घालून उभा.

"बसते कशाला? नि माज्या पोराला कळलं नाय व्हय? त्याला म्हाईत नव्हता एक नंबर कंचा ता?"

ती माझ्याकडे बघत होती, विलास, आणि त्या नजरेत विचारणं होतं की माहीत असणं होतं, मला अजूनही कळलेलं नाही.

"त्याने विचारलं होतं, आई," मी म्हटलं. "दोनदा विचारलं. मीच म्हटलं, माझ्या लक्षात आहे, तू लिही."

ती काठी टेकत खाली बसली. मग म्हणाली, "मंग गा आता. नि तोंड वाकडं करू नको."

मी गायलो. माझ्या आवाजात, कुणाचीही नक्कल न करता. दुसऱ्या कडव्याला शब्द अडले, ते तिने पुरवले. ऋतुजा पहिल्यांदाच ऐकत होती, फोनमध्ये उतरवून घ्यायचंही तिला सुचलं नाही. कार्यक्रम संपल्यावर ती पेन घेऊन आली, म्हणाली, "काका, रजिस्टरमध्ये दुरुस्त करूया?" मी नको म्हटलं. झालेल्या आठवड्याला हात लावायचा नाही, हा नियम तू मोडलास म्हणून मी मोडणार नाही. तिला मी जेवणाची गोष्टही सांगितली, सगळी, चमच्यासकट. पेन पर्समध्ये टाकून ती निघून गेली. दोन दिवस झाले, फोनही नाही. चिडली आहे. चिडू दे. निदान ती चिडली आहे हे मला कळतंय तरी.

हॉलमधून बाहेर पडताना लोक मला सांगत होते, म्हातारीचं मनावर घेऊ नका, दुःखात आहे. त्यांना काय सांगू? भर सभेत उभा राहून मी ते 'मेल्या' ऐकलं, ती 'माती' ऐकली, आणि मला एवढं बरं वाटलं की लाज वाटली. गाढवा, हेच शब्द तुझ्याकडेही होते. त्या दिवशी हॉलमध्ये, साहेबांसमोर, ताटावर, नाहीतर सगळे गेल्यावर लिफ्टपाशी, तू मला एक शिवी घातली असतीस. फक्त एक. मी चार दिवस तोंड फुगवलं असतं, पाचव्या दिवशी सायकल नाही तर रिक्षा करून आलो असतो, आणि अण्णांचं गाणं वहीत राहिलं असतं.